चाळणीतले आकडे

धान्य चाळताना चाळणीत खडे राहतात आणि माती खाली पडते. वाण्याने दिलेला माल चांगला की वाईट हे त्या खड्यांवरून ठरवायचे असते. पण केवळ खड्यांकडे पाहून ते ठरत नाही. एक किलो गव्हात मूठभर खडे निघाले तर वाण्याशी भांडण करावे लागते. पन्नास किलोच्या पोत्यात तेवढेच निघाले तर कोणी अवाक्षरही काढत नाही. खड्यांची मूठ दोन्ही वेळा तीच असते. फरक असतो तो चाळणीत एकूण काय ओतले होते, त्यात.

घरात सर्वांना कळणारी ही गोष्ट आकड्यांच्या बाबतीत मात्र भले भले विसरतात. नोंदींच्या ढिगातून एखाद्या अटीत बसणाऱ्या नोंदी वेगळ्या काढून त्यांची बेरीज करणे हे काम आज संगणक क्षणार्धात करतो. दुकाने, बँका, कारखाने यांच्या नोंदी चाळून त्यांचे आलेख काढून देणाऱ्या संगणकीय साधनांना ‘बिझनेस इंटेलिजन्स’ असे भारदस्त नाव आहे. त्यांच्या परिभाषेत नोंदींवरून काढलेली बेरीज, मोजणी किंवा सरासरी म्हणजे ‘मेजर’ आणि हीच बेरीज अट लावून काढली की ती ‘फिल्टर्ड मेजर’. आपण पहिल्याला ‘माप’ व दुसऱ्याला ‘गाळीव माप’ म्हणू. नावे नवी असली तरी विचार जुना आहे. तो नीट केला तर काय साधते, हे पाहण्यासाठी आपण १८५४ सालच्या लंडनमध्ये जाणार आहोत. आणि तो केला नाही तर काय होते, ते पाहण्यासाठी १९८६ सालच्या अमेरिकेत. पण त्याआधी एका किराणा दुकानात डोकावू या.

समजा, तालुक्याच्या गावी एक दुकान आहे. प्रत्येक बिलाची नोंद होते: तारीख, रक्कम, रोख की उधार. मे महिन्यात एकूण विक्री २,४०,००० रुपयांची झाली. त्यातली ४८,००० रुपयांची उधार. जूनमध्ये पेरणीच्या गडबडीत विक्री ३,००,००० वर गेली व उधारी १,०५,००० वर. जुलैत विक्री २,००,००० झाली आणि उधारी ९०,०००. दुकानदाराचा मुलगा कॉलेजात शिकतो. त्याने संगणकावर आलेख काढला व वर ‘फक्त उधार’ ही चाळणी लावली. तीन स्तंभ उभे राहिले: ४८ हजार, १०५ हजार, ९० हजार. जुलैत उधारी उतरली म्हणून घरात समाधान पसरले.

ते समाधान खोटे होते. मे महिन्यात शंभर रुपयांच्या विक्रीमागे २० रुपये उधार होते, जूनमध्ये ३५ आणि जुलैत ४५. उधारीची रक्कम उतरली, कारण विक्रीच उतरली होती. दुकानाची तब्येत मात्र महिन्यागणिक बिघडत होती. मुलाने चाळणी लावण्यात चूक केली नव्हती. ती त्याने संपूर्ण आलेखाला लावली, त्यामुळे एकूण विक्री पडद्यावरून नाहीशी झाली. त्याने आलेख मोकळा ठेवून प्रत्येक महिन्यात दोन स्तंभ शेजारी शेजारी उभे करायला हवे होते. एक स्तंभ सर्व बिलांचा, दुसरा फक्त उधारीच्या बिलांचा. म्हणजे चाळणी लागावी ती एका स्तंभाला, सगळ्या चित्राला नव्हे. गाळीव मापाचे सारे मर्म एवढ्यातच आहे.

हे करायचे कसे? कागदावरही करता येते, आणि विद्यार्थी मित्रांनो, एकदा तरी ते कागदावर करून पाहाच. बिलांच्या यादीशेजारी एक कोरा रकाना आखा. उधारीच्या बिलापुढे १ लिहा, रोखीच्या बिलापुढे ०. आता प्रत्येक रकमेला तिच्यापुढच्या १ ने किंवा ० ने गुणून गुणाकारांची बेरीज करा. शून्याने गुणलेल्या रकमा आपोआप गळून पडतील आणि हाती येईल ती फक्त उधारीची बेरीज. मूळ रकमांचा रकाना मात्र जसाच्या तसा शाबूत आहे. त्याची बेरीज म्हणजे एकूण विक्री. एकही नोंद खोडावी लागली नाही.

या एक-शून्याच्या रकान्यात बरीच गंमत भरलेली आहे. नुसत्या त्या रकान्याची बेरीज केली की उधारीची बिले किती ते कळते. त्याची सरासरी काढली की एकूण बिलांत उधारीच्या बिलांचा भाग किती ते कळते. (हा भाग बिलांच्या संख्येतला. रुपयांतला भाग वेगळा येईल; मोठी बिले उधार आणि लहान रोख असा प्रकार असेल तर खूपच वेगळा.) दोन अटी एकदम लावायच्या असतील, म्हणजे ‘उधार आणि एक हजारावर’, तर दोन रकाने करून त्यांचा गुणाकार घ्यावा, दोन्हीकडे १ असेल तिथेच १ उरतो. उलट अट हवी असेल तर १ मधून रकान्यातला आकडा वजा करावा. आणि ताळाही फुकटात मिळतो: उधारीची बेरीज अधिक रोखीची बेरीज ही एकूण विक्रीइतकी आलीच पाहिजे. शाळेच्या संगणकावर तक्ते करण्याचा जो प्रोग्रॅम असतो, त्यात ‘समइफ’ व ‘काउंटइफ’ नावाची सूत्रे असतात. ती आतल्या आत हेच काम करतात. पहिले अटीत बसणाऱ्या रकमांची बेरीज देते, दुसरे अटीत बसणाऱ्या नोंदी मोजते.

पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला यात अनोळखी काही वाटू नये. लाल काचेतून किती प्रकाश पार जातो हे मोजताना आपण एकाच दिव्याची, एकाच अंतरावरून दोन वाचने घेतो. एक काच न लावता, दुसरे काच लावून. काच न लावता ६० आणि काच लावल्यावर १५ आले तर काचेतून एक चतुर्थांश प्रकाश पार जातो. नुसत्या १५ ला काही अर्थ नाही. दिवा मंद असेल तरी १५ येतील, तो दूर असेल तरी येतील.

आता लंडनला जाऊ. १८५४ च्या उन्हाळ्यात त्या शहरात पटकीची साथ होती. पटकी म्हणजे कॉलरा. हा रोग दूषित हवेतून, दुर्गंधीतून पसरतो असे त्या काळच्या बहुतेक डॉक्टरांचे मत होते. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरला ते पटत नव्हते. रोगाचे विष पिण्याच्या पाण्यातून पोटात जाते असे त्याचे म्हणणे होते. हे सिद्ध करायचे कसे? सूक्ष्मदर्शकाखाली दाखवता येईल असा जंतू त्याच्या हाती नव्हता. रॉबर्ट कॉखने पटकीच्या जंतूवरचे आपले काम इजिप्तमध्ये व मग कलकत्त्यात १८८३–८४ मध्ये केले. तोपर्यंत स्नोला जाऊन पंचवीस वर्षे झाली होती.

स्नोच्या हाती आकडे होते, आणि शहराने नकळत मांडून ठेवलेला एक प्रयोग होता. टेम्स नदीच्या दक्षिणेकडील मोठ्या भागाला दोन खाजगी कंपन्या नळाने पाणी पुरवत. सदर्क-व्हॉक्सहॉल कंपनी पाणी उचलत होती बॅटर्सी येथे, म्हणजे जिथे नदीत शहराचे सांडपाणी मिसळलेले असे तिथून. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये आपले पाणी उचलण्याचे ठिकाण वरच्या अंगाला, टेम्स डिटनला, शहराच्या घाणीपासून दूर नेले होते. पूर्वीच्या चढाओढीच्या काळात दोन्ही कंपन्यांनी त्याच त्याच रस्त्यांखालून नळ टाकले होते. त्यामुळे एका घराला एका कंपनीचे पाणी व शेजारच्या घराला दुसरीचे, असे शेकडो गल्ल्यांत होते. श्रीमंत, गरीब, मोठे घर, लहान घर, स्वच्छ वस्ती, गलिच्छ वस्ती, हवा, वास हे सारे दोहोंकडे सारखेच मिसळलेले. वेगळे होते फक्त पाणी. प्रयोगशाळेत आपण एक राशी बदलतो व बाकीच्या स्थिर ठेवतो. इथे तीन लाखांवर माणसांच्या बाबतीत तसे आपोआप घडून आले होते.

मृत्यूंच्या यादीत घराचा पत्ता होता, पण पाण्याच्या कंपनीचे नाव नव्हते. म्हणजे ज्या रकान्यावरून चाळायचे तोच रकाना कोरा! स्नोने तो घरोघर फिरून भरला. पुढे एका सहकाऱ्याची मदत घेतली. अडचण अशी की भाडेकरूंना कंपनीचे नाव ठाऊकच नसे. पाणीपट्टी घरमालक भरत आणि ते कुठेतरी दूर राहत. तेव्हा स्नोने रसायनशास्त्राचा आधार घेतला. सदर्क-व्हॉक्सहॉलच्या पाण्यात लॅम्बेथच्या पाण्याच्या सुमारे चाळीस पट मीठ होते. घरातून बाटलीभर पाणी आणायचे आणि त्यात सिल्व्हर नायट्रेट घालायचे. सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका दाट आला तर पाणी सदर्क-व्हॉक्सहॉलचे, जेमतेम आला तर लॅम्बेथचे. नववी-दहावीच्या प्रयोगवहीत असलेली ही परीक्षा तुम्ही केलीही असेल. साथीच्या दिवसांत, ज्या घरातून नुकतेच प्रेत उचलले गेले त्या घरी जाऊन कोणी ती करत असेल, असे मात्र आपल्या मनात येत नाही.

साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचे, म्हणजे २६ ऑगस्ट १८५४ पर्यंतचे आकडे स्नोने पुढच्या वर्षी छापले. ते असे:

सदर्क-व्हॉक्सहॉलची घरे : ४०,०४६. मृत्यू : १,२६३.
लॅम्बेथची घरे : २६,१०७. मृत्यू : ९८.
उरलेल्या लंडनमधील घरे : २,५६,४२३. मृत्यू : १,४२२.

आधी चाळणी न लावलेले माप पाहा. एकूण घरे ३,२२,५७६ आणि मृत्यू २,७८३, म्हणजे दहा हजार घरांमागे सुमारे ८६. या एका आकड्यावरून काहीच कळत नाही. साथ आहे, माणसे मरताहेत, एवढेच. आता पाण्याच्या कंपनीची चाळणी लावू. सदर्क-व्हॉक्सहॉलच्या दहा हजार घरांमागे ३१५ मृत्यू येतात, लॅम्बेथच्या दहा हजार घरांमागे ३७. एकाच गल्लीत, शेजारी शेजारी राहणाऱ्या घरांत आठ पटींहून अधिक फरक! उरलेल्या लंडनचा दर आपण स्वतः भागाकार करून काढावा. स्नोच्या छापील सारणीत तिथे ५९ हा आकडा आहे, पण १,४२२ ला २,५६,४२३ ने भागून दहा हजाराने गुणले तर ५५ येतात. मोठ्या माणसाच्या पुस्तकातलाही भागाकार एकदा स्वतः करून पाहावा हे बरे. त्याच्या निष्कर्षाला यामुळे कसलाही धक्का लागत नाही.

इथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. स्नोने नुसते मृत्यू चाळले असते तर १,२६३ आणि ९८ हेच दोन आकडे समोर आले असते आणि फरक तेरा पट दिसला असता. त्याच्या मताच्या बाजूचाच असला तरी तो फुगलेला होता, कारण सदर्क-व्हॉक्सहॉलची घरेच अधिक होती. स्नोने मृत्यूंना लावली तीच चाळणी घरांनाही लावली. प्रत्येक कंपनीने पाणी पुरवलेली घरे किती, हा आकडा मिळवून त्याने त्याने भागले. अपूर्णांकाच्या भाषेत, अंशाला जी अट तीच छेदाला. माझ्या मते त्या सारणीतली सर्वांत मोलाची गोष्ट मृत्यूंचा रकाना नसून घरांचा रकाना आहे. मृत्यू कोणीही मोजले असते.

छेदाला चाळणी लावण्याचे आपल्या देशातले उदाहरण म्हणजे साक्षरता. २०११ च्या जनगणनेच्या अंतिम आकड्यांनुसार भारतातील साक्षरता ७३.० टक्के होती, पुरुषांत ८०.९ व स्त्रियांत ६४.६. हे टक्के कशाचे? सर्व लोकसंख्येचे नव्हेत. १९९१ पासून आपल्या जनगणनेत ७ वर्षांखालील मुले साक्षर धरली जात नाहीत, आणि साक्षरतेचा दर काढताना ती छेदातूनही वगळली जातात. अंशातून वगळली आणि छेदात ठेवली असती, तर ज्या राज्यात लहान मुले जास्त ते राज्य उगाचच अडाणी दिसले असते. आणखी एक प्रश्न विद्यार्थ्यांसाठी: ८०.९ व ६४.६ यांची सरासरी ७२.७५ येते, मग देशाचा आकडा ७३.० कसा? उत्तर शोधायला फार लांब जायला नको. दोन्ही छेद सारखे आहेत का, ते पाहा.

आता दुसरी हकीगत. २८ जानेवारी १९८६ रोजी फ्लॉरिडातील केप कॅनव्हरल येथून ‘चॅलेंजर’ हे अवकाशयान उडाले आणि ७३ सेकंदांत आकाशातच त्याचे तुकडे झाले. सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्यांत ख्रिस्टा मॅकॉलिफ ही शाळेतली शिक्षिका होती; अवकाशातून ती मुलांना धडे देणार होती, त्यामुळे अमेरिकेतल्या कितीतरी शाळांत मुले ते उड्डाण वर्गात बसून पाहत होती.

यानाच्या दोन बाजूंना घन इंधनाची दोन प्रचंड अग्निबाणे असत. ती तुकड्या-तुकड्यांनी बनवून जोडलेली असत आणि प्रत्येक जोडातून आतला तप्त वायू बाहेर पडू नये म्हणून रबराची दोन वर्तुळाकार कडी बसवलेली असत. कडे जेमतेम ७ मिलिमीटर जाडीचे, पण त्याचा व्यास साडेतीन मीटरच्या वर. इंधन पेटताच आतल्या दाबाने जोड किंचित फाकतो; त्या क्षणाच्या अंशात रबराने फुगून फट बुजवली पाहिजे. रबर थंडीत कडक होते व दाब सोडल्यावर पूर्ववत व्हायला वेळ लावते. अपघातानंतर ११ फेब्रुवारी १९८६ रोजी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी चौकशी आयोगाच्या बैठकीत त्याच रबराचा तुकडा चिमट्यात आवळून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि बाहेर काढून सर्वांसमोर दाखवला: तुकडा लगेच मूळ आकारावर येईना. सारे जग त्या प्रयोगाबद्दल बोलते. आपल्याला इथे पाहायचा आहे तो त्याच्या आधीचा, कागदावरचा भाग.

उड्डाणाच्या आदल्या संध्याकाळी दूरध्वनीवर एक लांबलचक बैठक झाली. एका टोकाला अग्निबाणे बनवणाऱ्या कंपनीचे अभियंते, दुसऱ्या टोकांना नासाचे अधिकारी. फ्लॉरिडात कधी नव्हे एवढी थंडी पडणार होती. ५३ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सिअस, याच्या खाली तापमान असताना उडू नये असे अभियंत्यांनी सांगितले. कारण त्याआधीच्या सर्वांत थंड उड्डाणात, जानेवारी १९८५ मध्ये, जोडाचे तापमान तेवढे होते आणि कड्यांना वाईट इजा झाली होती. यावर विचारणा अशी झाली की, ७५ अंशांच्या, म्हणजे सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या, उबदार हवेत झालेल्या एका उड्डाणातही इजा आढळली होती ना? मग थंडीचाच दोष कशावरून? चर्चेत तापमानाशी ताडून पाहिली गेली ती केवळ कड्यांना इजा झालेली उड्डाणे. तशी उड्डाणे सात. ती ५३ ते ७५ अंशांच्या पट्ट्यात इकडेतिकडे विखुरलेली दिसतात. त्यांच्याकडे पाहून तापमानाचा काही संबंध सांगता येत नाही. शेवटी कंपनीच्या व्यवस्थापकांनी आपल्याच अभियंत्यांचा सल्ला बाजूला ठेवून उड्डाणाला संमती दिली.

चौकशी आयोगाने नंतर साधीच गोष्ट केली. इजा न झालेली उड्डाणेही त्याच आलेखावर घातली. त्याआधीची एकूण उड्डाणे २४. त्यांपैकी ६६ अंश फॅरनहाइट किंवा अधिक तापमानाची २० होती. त्यांतल्या ३ मध्ये इजा. ६३ अंश किंवा कमी तापमानाची ४ होती. त्या चारींत इजा. म्हणजे उबेत १५ टक्के, गारव्यात १०० टक्के! आपल्या किराणा दुकानातल्यासारखे दोन-दोन स्तंभ काढून पाहा. उबदार गटात एकूण उड्डाणांचा २० उंचीचा स्तंभ आणि त्याशेजारी इजेचा ३ उंचीचा ठेंगणा स्तंभ. थंड गटात ४ आणि ४, खांद्याला खांदा लावून. हे चित्र समजायला अभियंता असावे लागत नाही. ‘इजा झाली’ ही चाळणी एका स्तंभाला न लावता सगळ्या चर्चेला लावली गेली, आणि सुखरूप पार पडलेली सतरा उड्डाणे छेदातून गेली. ती सगळीच्या सगळी उबदार हवेतली होती. सर्वांत महत्त्वाची साक्ष त्या सुखरूप उड्डाणांचीच होती.

कोणी म्हणेल, चारच तर उड्डाणे. चारींत इजा हा योगायोग नसेल कशावरून? ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर अकरावीच्या गणिताने देता येते. २४ उड्डाणांपैकी ७ इजा झालेली आहेत. डोळे मिटून कोणतीही चार उचलली तर चारही इजा झालेली निघण्याची संभाव्यता म्हणजे ७/२४ × ६/२३ × ५/२२ × ४/२१. हा गुणाकार जवळजवळ ३०० त १ इतका येतो. थंड-उबदार यांची हद्द आपण आकडे पाहून मागाहून आखली असल्याने हा हिशेब थोडा सैल मानला पाहिजे, हेही खरे. पण यान दुसऱ्या दिवशी ६३ अंशांना उडायचे नव्हते, ५३ लाही नव्हते. उड्डाणाच्या वेळी हवेचे तापमान ३६ अंश फॅरनहाइट होते, आणि जो जोड फुटला त्याचे तापमान आयोगाच्या गणिताप्रमाणे २८ च्या आसपास, म्हणजे पाणी गोठण्याच्याही खाली. आलेखावरच्या शेवटच्या बिंदूपासून इतके दूर की तिथे कागदही कोराच होता.

चाळणी फार बारीक केली तरी फसगत होते. दुकानाच्या बिलांना ‘उधार’, ‘एक हजारावर’, ‘मंगळवार’, ‘पावसाळी दिवस’ अशा एकामागून एक अटी लावत गेले की शेवटी तीन बिले उरतात, आणि तीनपैकी दोन म्हणजे ६७ टक्के असा भव्य आकडा छापता येतो. म्हणून टक्क्याशेजारी तो किती नोंदींतून काढला हे लिहावे. आणि चाळणीची अट आलेखाखाली शब्दांत लिहावी. ‘उधारी’ म्हणजे महिन्याच्या शेवटी राहिलेली, की बिल झाले त्या क्षणी राहिलेली? दोन्हींचे स्तंभ वेगळे येतील. अट लिहिलेली नसेल तर सहा महिन्यांनी आलेख काढणाऱ्यालाच तो वाचता येत नाही, असा प्रकार मी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवह्यांत दरवर्षी पाहतो.

शिक्षकांना वर्गात करून घेता येईल असा एक उपक्रम सुचवतो. शाळेच्या हजेरीपटात यासाठी लागणारे सर्व काही आहे. जुलै महिना घ्या. प्रत्येक दिवसापुढे एकूण गैरहजर किती ते मांडा. मग बाहेरगावाहून एस.टी.ने किंवा सायकलने येणाऱ्या मुलांपुढे १, गावातल्या मुलांपुढे ० लिहून त्यांची गाळीव गैरहजेरी काढा. दिवसांचाही एक रकाना करा: ज्या दिवशी सकाळी मोठा पाऊस होता त्यापुढे १, इतर दिवशी ०. भूगोलाच्या तासासाठी शाळेत पर्जन्यमापक असेल तर ‘मोठा पाऊस’ म्हणजे किती मिलिमीटर ते आधीच ठरवता येईल. आकडे पाहिल्यावर ठरवू नये. आता चार दर निघतील: गावातली मुले कोरड्या दिवशी, गावातली पावसाच्या दिवशी, बाहेरची कोरड्या दिवशी, बाहेरची पावसाच्या दिवशी. पावसाने शाळा बुडते ती सर्वांचीच थोडी थोडी, की ओढ्यापलीकडच्या मुलांचीच, हे चार स्तंभांत दिसेल. तसे दिसले तर तो आलेख घेऊन मुख्याध्यापकांकडे जरूर जावे, कारण ओढ्यावरचा साकव किंवा एस.टी.ची वेळ यांविषयी अर्ज करताना तो जोडता येईल.

छेद काढताना मात्र एक पेच येईल. बाहेरगावची मुले तीस आणि पावसाचे दिवस नऊ, म्हणून छेद २७० धरावा, तर महिन्याच्या मध्यावर नाव दाखल झालेली मुले निघतात, दाखला घेऊन गेलेली निघतात. अशा वेळी मुले मोजण्याऐवजी विद्यार्थी-दिवस मोजावेत: जो मुलगा ज्या दिवशी पटावर होता, त्या दोहोंची जोडी म्हणजे एक नोंद. प्रत्येक नोंदीपुढे बाहेरगाव, पाऊस व गैरहजर असे तीन एक-शून्याचे रकाने. साठ मुलांच्या वर्गासाठी पंधराशेच्या आसपास ओळी होतील. दहा मुलांच्या गटाने वाटून घेतल्या तर दोन तासिकांत भरून होतात.